बिल्ल्याची मागची बाजू

१

दुपारचं जेवण झालं, बशी धुऊन पालथी घातली, की एमिल हाव्रिला पांढरे सुती हातमोजे चढवायचा. त्याच्या मुलीला, पॉलीनला, या मोज्यांचं फार हसू यायचं. "बाबा, आज कुणाचं ऑपरेशन?" असं ती फोनवरसुद्धा विचारायची. एमिल रागवायचा नाही. ज्याला छंद नसतो त्याला दुसऱ्याच्या छंदाचं सोंगच दिसतं, अशी त्याची समजूत होती.

मागच्या खोलीत खिडकीपाशी अक्रोडाच्या लाकडाचं उथळ खणांचं कपाट होतं. खणांत हिरव्या बनातीवर नेमबाजीचे जुने बिल्ले. फौजेतले क्रूस, ज्यांच्याखाली कड्यांनी पट्ट्या लोंबतात. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या खाणींच्या गावांनी काढलेल्या रायफल क्लबांचे, ज्यातले निम्मे क्लब खाणींबरोबरच बंद पडले. काचकारखान्याने आपल्या कामगारांना दिलेले. रोज दुपारी एक खण उघडायचा. एकेक बिल्ला उचलायचा, उलटा करायचा, मागे कोरलेलं नाव मोठ्याने वाचायचं आणि परत ठेवायचा.

ही रीत त्याने काढलेली नव्हती. त्या भागातल्या सगळ्याच संग्राहकांची ती होती. अग्निशमन दलाच्या हॉलात त्यांचा बाजार भरे. तिथे टेबलावरचा बिल्ला उचलला की आधी मागचं नाव वाचायचं, मग भाव विचारायचा. नाव न वाचता भाव विचारणाऱ्याला 'पुढच्या बाजूचं गिऱ्हाईक' म्हणत, आणि ती शिवीच होती. दुसरी रीत याहून कडक होती. बिल्ला कधी घासायचा नाही. चांदीवर चढलेला काळा राप हे त्याचं वय. तो घासून काढणारा माणूस आजोबांच्या सुरकुत्यांवर इस्त्रीही फिरवील, असं एमिल म्हणायचा.

नोव्हेंबर लागला होता. त्या दुपारी त्याने सगळ्यात वरचा खण ओढला, आणि काळ्या बिल्ल्यांच्या रांगेत एक बिल्ला लखलखत होता.

त्याने तो उचलून उलटा केला. मागची बाजू गुळगुळीत होती. नाव घासून घासून गेलं होतं, उन्हात तिरका धरला तरी एक रेघ दिसेना. आणि ते नाव काय होतं, हे एमिलला काही केल्या आठवेना. वर्षानुवर्षं ते त्याने स्वतःच्या तोंडाने वाचलं होतं.

२

व्हर्न शिमको हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि बिल्ल्यांच्या बाबतीत शाळेपासूनचा वैरी. एमिलच्या स्वयंपाकघरात बसून, एमिलचीच कॉफी पिऊन, एमिलच्या कॉफीला नावं ठेवायची हा त्याचा नेम होता. चकाकता बिल्ला त्याने बोटांत फिरवला तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला.

"कुणी केलं रे हे पाप?"

"मलाही तेच विचारायचंय."

"घरात तू एकटा. म्हणजे तूच. झोपेत उठून घासतोस की काय लेका? बायका जातात आणि नवरे घरकामाला लागतात, मी पाहिलंय."

"मस्करी नको व्हर्न. नाव काय होतं याच्यावर?"

"असं काय करतोस? ऑर्व्हिल टेट! डावखुरा. उजव्या हाताची बोटं खाणीत गेली म्हणून डाव्या हाताने शिकला. बायकोने मेडल पाहून विचारलं, हे देऊन दुकानात पीठ मिळतं का. तूच तर ही गोष्ट ज्याला त्याला पकडून सांगतोस. मला पाठ झालीय."

एमिलने मान हलवली. ऑर्व्हिल टेट. नाव तर मिळालं. पण त्या नावामागे कुणी उभं नव्हतं. बोटं, खाण, पीठ हे सगळं त्याने आत्ता पहिल्यांदा ऐकलं होतं. कुणीतरी परक्या गावचा पत्ता सांगावा तसं ते त्याच्या कानाशी येऊन थांबलं.

"आठवलं ना?" व्हर्नने विचारलं.

"आठवलं," एमिल म्हणाला. खोटं बोलताना त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

३

त्याच्या घरात घासण्याचा इतिहास होता, हे व्हर्नला माहीत होतं, म्हणूनच त्याने पुढे विषय वाढवला नाही.

इर्मा, एमिलची बायको, शेवटची काही वर्षं विसरत गेली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग रस्ते, मग शेजारीण. डोकं रितं होत गेलं तसे हात अस्वस्थ झाले. त्यांना काहीतरी घासायला लागायचं. एमिलने तिच्या हाती मऊ फडकं आणि जुने चांदीचे चमचे दिले, आणि मागच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची तिला दिली. ती दिवसभर चमचे घासायची. बिल्ल्यांना तिने कधी बोट लावलं नाही. एवढं भान तिला कुठून राहिलं होतं कोण जाणे.

मध्येच हात थांबायचा आणि ती विचारायची, "जोएल कुठाय?"

जोएल त्यांचा मुलगा. ज्युनियर क्लबात त्याने अव्वल नेमबाजाचा बिल्ला मिळवला, त्याच संध्याकाळी घरी येताना पुलावर बर्फ होतं आणि गाडी नदीत गेली. अठरा वर्षांचा होता. शेरिफच्या माणसाने तो बिल्ला पाकिटात घालून आणून दिला.

सुरुवातीला एमिल तिला खरं सांगायचा. आणि दर वेळी ती ते पहिल्यांदा ऐकायची. मुलगा गेल्याची बातमी माणसाने आयुष्यात एकदा ऐकावी, तीही जास्तच होते. इर्माने ती किती वेळा ऐकली, देवाला माहीत. शेवटी एमिलचाच धीर सुटला. मग तो म्हणायला लागला, "क्लबात गेलाय. येईलच." तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं आणि फडकं पुन्हा फिरायला लागायचं.

वसंतात ती गेली. चमचे त्याने पॉलीनला देऊन टाकले. पॉलिशची डबी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली.

म्हणून, बिल्ला चकाकल्यावर आठवड्याभरात मागच्या खोलीत पॉलिशचा तो गोडसर, नाकाला झोंबणारा वास आला, तेव्हा तो दारातच उभा राहिला. वरच्या खणातले सगळे बिल्ले उजळले होते. त्याने सगळे उलटून पाहिले. मग त्याखालचा खण उघडला. तिथेही डाव्या कोपऱ्यातून सुरुवात झाली होती.

मग त्याने स्वतःचे हात पाहिले. मोजे काढून, उजेडात, नखांखाली. नखं काळी होती.

४

डॉक्टरीणबाईंनी त्याला घड्याळ काढायला लावलं, शब्द उलटे म्हणायला लावले, आणि या वयाला हे उत्तमच आहे असं सांगितलं. पॉलीन पिट्सबर्गहून मुद्दाम आली होती. परत येताना गाडीत तिने विषय काढला.

"बाबा, तुम्हीच घासत असाल तर सांगा. मी ओरडणार नाही. आईचंही असंच सुरू झालं होतं."

"मी नाही घासत."

"मग हात कसे काळे होतात?"

"उघडून बघतो ना मी. उचलतो, उलटे करतो."

"मोजे घालून?"

एमिल खिडकीबाहेर बघत बसला. कदाचित पोरगी बरोबर बोलत असेल. नवराबायको इतकी वर्षं एका ताटात जेवली, तर दुखणंही एकच व्हायला काय हरकत आहे, असा विचार त्याने केला. त्याला तो विचार आवडला देखील. स्मृतिभ्रंश असेल तर निदान त्याला नाव तरी आहे.

पॉलीन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात कोबी आणि नूडल्स परतत होता. दोन्ही हात कामात होते, एकात कढई, एकात उलथणं. बाहेर लख्ख ऊन होतं. आणि मागच्या खोलीतून आवाज आला.

खस्. खस्. खस्. मऊ फडक्याचा, गोल गोल, न थकणारा. हा आवाज त्याने इतकी वर्षं ऐकला होता की आधी त्याला काही वाटलंच नाही. उलट क्षणभर बरं वाटलं, इर्मा आज शांत आहे असं. मग हातातली कढई त्याने चुलीवर ठेवली.

आवाज थांबला. बनातीवर धातू टेकल्याचा हलका आवाज झाला. आणि कुणीतरी, पुटपुटावं तसं, म्हणालं, "हा नव्हे."

खण सरकला. खस्. खस्. खस्.

"हा नव्हे."

एमिल चुलीपाशी उभा होता. कोबी करपली तरी तो हलला नाही. भीती होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे त्याला कळलं होतं. इर्मा बिल्ले उजळत नव्हती. काळ्या रापाखालचं नाव तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती घासत होती. एकेक बिल्ला घेऊन ती त्यात आपला मुलगा शोधत होती. क्लबात गेलाय म्हणून त्यानेच तिला सांगितलं होतं ना? मग क्लबाच्या माणसांत नाही तर कुठे शोधील ती?

आणि जोएलचा बिल्ला कपाटात नव्हताच. तो एमिलच्या शर्टाच्या खिशात होता. इतकी वर्षं तिथेच होता.

५

त्याने तो तिला द्यायला हवा होता. तेवढं त्याला कळत होतं. पण ऑर्व्हिल टेटचं काय झालं तेही त्याला कळत होतं.

नाव जायची चिंता नव्हती. नाव दफनभूमीतल्या दगडावर होतं, ठसठशीत. जाणार होता तो मुलगा. नेम धरताना जीभ बाहेर काढणारा, त्यावरून बोलणी खाणारा. कच्चा बटाटा मीठ लावून खाणारा. पहिल्यांदा दाढी केली तेव्हा गालावर कागदाचे इतके तुकडे चिकटवून जेवायला बसला की पॉलीन हसून हसून टेबलाखाली गेली. हे सगळं आता जगात एमिलच्या डोक्यात होतं, आणि थोडं पॉलीनच्या. इर्माकडचं तर आधीच गेलं होतं. तिला परत देण्यासाठी स्वतःचं द्यायचं? एमिल कंजूस नव्हता, पण बाप होता. "नाही देणार," तो बंद दाराला म्हणाला. "माफ कर इर्मा. नाही देणार."

खण संपत गेले. रोज दुपारी आवाज यायचा, आणि तो स्वयंपाकघरात खिशावर हात ठेवून बसायचा. दारापाशी जायचं धाडस त्याला झालं नाही. व्हर्नला त्याने घरी येऊ नको सांगितलं, सर्दी झालीय म्हणून. व्हर्न म्हणाला, "तुझ्या कॉफीपेक्षा सर्दी बरी," आणि ओटीवर सूपचं भांडं ठेवून गेला.

मग शेवटचा खण झाला. एक दुपार घरात आवाज नव्हता. एमिलला वाटलं, दमली. सुटलो.

दुसऱ्या दुपारी आवाज आला तो बैठकीच्या खोलीतून. तो पोचेपर्यंत थांबला होता. काचेच्या कपाटाचं दार उघडं होतं आणि पुढच्या फळीवर पॉलीनच्या बाप्तिस्म्याचा चांदीचा पेला चकाकत होता. त्यावर कोरलेलं नाव अंधूक झालं होतं. अजून वाचता येत होतं, पण अंधूक.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, मी बोलतेय. थँक्सगिव्हिंगला टर्की मी आणते, तुम्ही काही करू नका. फार तर बटाटे सोलून ठेवा."

आवाज ओळखीचा होता. गोड होता. पण तो कुणाचा, हे एमिलला लागेना. कुठलीतरी बाई, मोठ्या मायेने बोलणारी, त्याला बाबा म्हणत होती. त्याने पेल्यावरची अक्षरं डोळ्यांजवळ धरली आणि वाचली.

"पॉलीन," तो म्हणाला.

"अहो मग दुसरं कोण? तुम्हाला बाबा म्हणणारी आणखी किती पोरं आहेत?" ती हसली, आणि मग तिला आपण काय बोललो ते कळलं. "सॉरी बाबा. तोंडातून गेलं."

फोन ठेवून एमिल पेला छातीशी धरून बसला. एक पोर नदीत गेलं ते त्याच्या हातात नव्हतं. हे त्याच्या हातात होतं.

६

त्याने पेला बाजूला ठेवला आणि खिशातून जोएलचा बिल्ला काढला. ऊन कलायला लागलं होतं. मागच्या खोलीत खुर्ची करकरली. इर्मा परत आपल्या जागेवर जाऊन बसली होती.

दारापाशी जाऊन तो म्हणाला, "इर्मा, मी येतोय. घाबरू नकोस." कोण घाबरलं होतं ते दोघांनाही माहीत होतं.

दार त्याने हातभर उघडलं. खिडकीत उजेड होता, म्हणून खुर्चीतलं नीट दिसलं नाही, आणि त्याने नीट पाहिलंही नाही. करड्या लोकरीच्या जाकिटाचं कोपर. पुढे झुकलेली मान, आणि मानेवर विरळ झालेले ते केस, जे तो शेवटच्या दिवसांत स्वतः विंचरायचा. तिने तोंड वळवलं नाही. वळवलं असतं तर काय दिसलं असतं, या विचाराने त्याने डोळे खाली घातले. हात लांब करून बिल्ला दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. दार ओढून घेतलं आणि तिथेच जमिनीवर भिंतीला टेकून बसला.

खस्. खस्.

"त्याचं नाव मागे आहे बघ," एमिल म्हणाला. "मागची बाजू घास. आपला जोएल. नेम धरताना जीभ बाहेर काढायचा. मास्तर ओरडायचा, जीभ आत, हाव्रिला."

खस्. खस्.

"बटाटा कच्चा खायचा. तू म्हणायचीस जंत होतील. दाढी केली पहिल्यांदा तेव्हा... इर्मा, जरा हळू. जरा हळू गं."

फडकं हळू झालं नाही.

"दाढी केली तेव्हा कागद लावले होते गालाला. पॉलीन हसली. टेबलाखाली गेली हसत. ती का हसली... कुणाच्या तरी गालाला..."

खस्. खस्. खस्.

"जीभ बाहेर काढायचा," तो घाईने म्हणाला, हातातून निसटणारं धरावं तसं. "जीभ बाहेर काढायचा तो. आपला तो."

आवाज थांबला. आत कुणीतरी मोठा श्वास घेतला. बाई दिवसभर उभी राहून शेवटी बसते, तसा श्वास.

"हाच," ती म्हणाली.

मग खोलीत काहीच नव्हतं. दाराबाहेर जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्याला गालांवरचं ओलं हाताने पुसावं लागलं. गुडघे धरून तो उठला आणि बटाटे सोलायचे आहेत म्हणून स्वयंपाकघरात गेला.

७

टर्की छान झाली होती. पॉलीन एकटीच आली होती, तिची मुलं आपापल्या सासरी. बाबा किती बरे दिसतायत, असं तिला वाटलं. हात स्वच्छ होते. तिला त्यांनी दारातच नावाने हाक मारली होती, दोनदा. जेवताना त्यांनी तिला तिच्याच लहानपणच्या चार गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन ती विसरली होती.

"अजून चिकार माल आहे वाटतं," ती मागच्या खोलीकडे बोट करून म्हणाली. "घासणं थांबलं का?"

"थांबलं. व्हर्नला देऊन टाकणार आहे सगळं. रडेल आधी, राप गेला म्हणून. मग घेईल."

ती हसत उठली आणि खोलीत डोकावली. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर एक छोटा चांदीचा बिल्ला होता, आरशासारखा.

"बाबा, हा स्टुलावर का पडलाय? आणि हा... हाही घासला? याच्यावरचं नाव कुठे गेलं?"

"होतं का याच्यावर?" एमिलने चष्मा लावून बघितलं. "चांगला क्लब होता हा. ज्युनियर गट. पोरंसोरं यायची."

पॉलीन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने भिंतीवरचा फोटो काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. घराच्या पायऱ्यांवर लहान पॉलीन बसली होती, पुढचे दात पडलेले. शेजारी एक उंच मुलगा, खांद्यावर रायफलची पिशवी, कॅमेऱ्याकडे जीभ काढून.

एमिल बराच वेळ फोटो बघत होता. पोर त्याला आवडलं. असा चेहरा असलेली पोरं घरात असली की घर हसतं राहतं.

"गोड पोरगा आहे," तो म्हणाला. "कुणाचा गं?"

पॉलीनने तोंडावर हात घेतला आणि खुर्चीऐवजी खालीच बसली. एमिलला वाईट वाटलं. लेक इतक्या लांबून येते, स्वयंपाक करते, दमते. तो गुडघे दुखत असूनही तिच्याजवळ खाली बसला आणि तिचं डोकं त्याने खांद्याशी घेतलं.

"पॉलीन," तो म्हणाला. "माझी पॉलीन. रडू नकोस. मी आहे ना."

नाव अगदी बरोबर आलं, एकदाही न अडखळता. ती आणखीच का रडायला लागली, ते त्याला कळलं नाही.